बुटवलची बस आणि काकूची सुपारी

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. परतीच्या बसमध्ये शारदाकाकूने आम्हा सगळ्यांकडून तसं कबूल करून घेतलं होतं. “बसमधलं बसमध्ये! दिवेआगरात एक शब्द कळता कामा नये,” असं ती म्हणाली, आणि घरी पोचल्यावर तिनेच शेजारच्या पडवीत बसून अर्धं सांगून टाकलं. पण तिने सांगितलेल्या अर्ध्यात ती एकदाही चुकत नाही. म्हणून उरलेलं अर्धं मला लिहावं लागतंय.

आमच्याकडे किस्से वाडीतल्या झावळ्यांसारखे साठतात. सकाळी सगळ्या गोळा करून नीट रचून ठेवाव्यात, तर संध्याकाळी आणखी दोन पडलेल्या असतात. त्यात गोरखपूरहून नेपाळातल्या बुटवलला जाणारी बस, आणि त्या बसमध्ये आमची काकू! तिथे तर वादळच झालं म्हणायचं.

*

आधी आम्ही बुटवलला का गेलो ते सांगते.

दिलबहादूर, म्हणजे आमचे दिलूकाका, काकूच्या होमस्टेमध्ये कितीतरी वर्षं स्वयंपाकी होते. त्यांची मुलगी सरिता दिवेआगरातच वाढली, शाळेला बोर्लीला जायची. मला सायकल तिनेच शिकवली. मोठं वादळ झालं तेव्हा नारळ-पोफळीची वाडी आडवी झाली, पाहुणे यायचे बंद झाले आणि दिलूकाका गावी परत गेले. जाण्याआधी त्यांनी आणि निलेशदादाने मिळून पडलेल्या पोफळींच्या जागी नवी रोपं लावली. निलेशदादा म्हणजे काकूचा मुलगा.

दिलूकाकांनी बुटवलला छोटं हॉटेल काढलं. रोपं इकडे वाढत राहिली. आणि निलेशदादाचे सरिताला फोनही वाढत राहिले!

काकूला कळलं तेव्हा ती आठवडाभर निलेशदादाशी फक्त मांजरामार्फत बोलत होती. “मनी, त्याला सांग, जेवण वाढलंय.” शेवटी नाना, म्हणजे काकूचे यजमान, म्हणाले, “अगो, एकदा जाऊन तर येऊ.”

काकू तयार झाली, पण अटीवर. “नुसतं बघायला जायचं. सुपारी बरोबर घेईन. ती फोडायची की नाय, ते मी ठरवीन.”

सुपारी फुटली की लग्न ठरलं. फुटली नाही की सगळं संपलं. आणि ही सुपारी त्या नव्या पोफळींची पहिली सुपारी होती. एक चांगली टपोरी तांबड्या फडक्यात वेगळी बांधलेली, फोडायला. बाकीची पिशवीभर, फुटल्यानंतर वाटायला.

आता मी कशी गेले? काकू, नाना आणि निलेशदादा मिळून होतात तीन. तिघांनी शुभकामाला जायचं नसतं. चौथं कुणीतरी हवं होतं. काकूने घरातल्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली.

“हिला घेऊ. दिवाळीची सुट्टी हाय. बोलत नाय, त्रास नाय!”

*

पहिला किस्सा नानांचा.

बोर्लीच्या स्टँडवर एसटी लागली की खिडकीतून टोपी टाकायची. टोपी पडली की सीट आपली. हा कायदा आमच्याकडे सगळे पाळतात. भांडणं होतात ती टोपी कुणाची आधी पडली यावरून.

गोरखपूरला आम्ही ट्रेनमधून उतरून बसस्टँडवर आलो. एक बस वळून येताना दिसली आणि नानांच्या अंगात बोर्ली संचारली! हातातली पिशवी माझ्याकडे देऊन ते धावले. खिडकीतून टोपी आत. मग काकूचा टॉवेल आत. मग माझी पाण्याची बाटली आणि निलेशदादाचा मफलर. चार सीट धरून नाना छाती फुगवून परत आले.

“चला, खिडकीची जागा धरलेय!”

निलेशदादाने तिकिटं काढून दाखवली. त्यांच्यावर सीट नंबर छापलेले होते. आणि आमची बस मागच्या बाजूला उभी होती.

तोवर पुढची बस सुटलीच. नाना तिच्यामागे थोडं धावले, मग थांबले आणि पाटी वाचून म्हणाले, “आझमगड.”

पुढचा सगळा प्रवास नाना उघड्या डोक्याने बसले होते. कुणी नमस्कार केला की त्यांचा हात डोक्याकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. काकू म्हणाली, “तुमच्यापेक्षा तुमची टोपी नशीबवान! चार सीटवर आडवी पडून गेली!”

*

बस सुटून थोडा वेळ झाला आणि बसमध्ये वास यायला लागला.

कंडक्टरचं नाव पांडेजी. जाड मिशा, गळ्यात रुमाल, आवाज भोंग्यासारखा. त्यांनी दोनदा नाक वर केलं आणि जाहीर केलं, “चूहा मरा है! सब लोग अपनी अपनी सीट के नीचे देखिए!”

सगळी बस वाकली. लोक बॅगा ओढून बघायला लागले. एका बाईंनी पदर नाकाला लावला. निलेशदादा माझ्याकडे बघायला लागला आणि मी माझ्या पायांकडे. कारण माझ्या पायाशी काकूचा डबा होता आणि डब्यात जवळ्याची चटणी होती. आमच्याकडे जवळा म्हणजे सुकवलेल्या बारीक कोलंबीचा घमघमाट. गोरखपूरला म्हणजे मेलेला उंदीर!

मला वाटलं, आता काकू कबूल करणार. पण काकू उठली, पदर खोचला आणि सगळ्यांबरोबर शोधायला लागली!

“मेरे को भी आ रहा है! उधर देखो, पीछे! पीछे से आता है!”

शेवटच्या सीटवरच्या माणसाची गादी काढून बघितली. तो बिचारा म्हणाला, “माताजी, मैं तो नहाकर आया हूँ!”

उंदीर काही सापडला नाही. दुपारी बस एका ढाब्यावर थांबली. काकूने हळूच डबा उघडला, वर ओलं खोबरं घातलं आणि चटणी गरम रोटीबरोबर वाढली. पांडेजी शेजारच्या टेबलावर होते. काकूने त्यांच्या ताटातही एक चमचा टाकला. ते खात राहिले. मग थांबले. डब्याकडे बघितलं. काकूकडे बघितलं. सगळं त्यांच्या लक्षात आलं हे मला त्यांच्या मिशांवरून कळलं.

त्यांनी बोट चाटलं आणि ताट पुढे केलं. “चाचीजी, चूहा और है क्या?”

*

त्या चटणीनंतर पांडेजी आमचेच झाले. काकूची सुपारीची पिशवी वरच्या फळीवर होती, ती त्यांनी चाचपून बघितली.

“चाचीजी, ये सुपारी है? जाते समय तो ठीक है, थोडी सी है. लेकिन लौटते समय मत लाना. नेपाल से सुपारी आते देखी, तो साहब लोग छोडते नहीं. बहुत चोरी से आती है इधर सुपारी.”

काकू ताठ झाली. “चोरी? आमच्या वाडीची हाय ती! आणि हम ले जा रहे है. ला नहीं रहे.”

तरीपण तिने पिशवी खाली काढली आणि मोठ्या बॅगेच्या अगदी तळाला, साड्यांच्या खाली, नानांच्या धोतरात गुंडाळून ठेवली. वर माझी शाल घातली. मी ते सगळं बघत होते. न बोलणाऱ्या माणसाला बघायला बराच वेळ मिळतो.

*

मग सोनौली आलं. इकडे भारताची कमान, तिकडे नेपाळची कमान, आणि मधे रस्त्याचा एक तुकडा. ट्रक, सायकली, कोंबड्यांचे पिंजरे, डोक्यावर गॅसची शेगडी घेतलेली बाई, असं सगळं त्या तुकड्यावरून आरामात येत-जात होतं. बस मात्र थांबली.

काकू खाली उतरली, हातात नारळ घेऊन.

शीव ओलांडताना नारळ द्यायचा, ही आमची रीत. गावाची शीव असली तरी देतात, ही तर देशाची! काकू तिथल्या जवानाला म्हणाली, “हमको नारळ फोडनेका है. बॉर्डर का दगड किधर है?”

जवान गोंधळला. “यहाँ नहीं फोड सकते, माताजी. उधर पूछिए.”

काकू नेपाळच्या कमानीकडे गेली. तिथला शिपाई हसून म्हणाला, “यहाँ नहीं, उधर पूछिए.”

काकू परत आली. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी ती बरोबर मध्यावर थांबली आणि दोन्हीकडे बघून ओरडली, “अरे, शीव तुमची दोघांची, आणि देव एकट्या माझा काय?”

शेवटी आमच्या ड्रायव्हरने गाडीच्या पुढच्या चाकासमोर एक विटेचा तुकडा ठेवला. नानांनी गाऱ्हाणं घातलं. “बा देवा, या शिवेच्या राखणदारा, लेकरं चाललीत, सांभाळून ने, सांभाळून आण.” नारळ फुटला तो असा की एक भकल तिकडे घरंगळलं आणि एक इकडे. खोबरं दोन्ही कमानींना वाटलं. जो जवान आधी नको म्हणाला होता, त्याने दोनदा घेतलं.

*

नेपाळात शिरल्यावर निलेशदादाच्या फोनमधलं घड्याळ आपोआप पाव तास पुढे गेलं. नानांना ते पटेना.

“तास दोन तास पुढं गेलं तर समजू शकतो. पाव तास? ही काय भाजी हाय का, पावशेर जास्त टाकायला?”

नानांनी घड्याळ बदललं नाही. त्यामुळे बुटवलला पोचेपर्यंत काकू आणि नाना एकाच सीटवर बसून वेगवेगळ्या वेळेत होते. काकू म्हणाली, “लग्नापासून तसंच हाय.”

*

बुटवलला दिलूकाका स्टँडवर आले होते. लांबूनच ओरडले, “शारदावैनी! च्या घेव का आधी?” आजूबाजूचे नेपाळी लोक वळून बघायला लागले. त्यांना वाटलं, दिलबहादूर कुठली भाषा बोलतोय!

हॉटेलवर नेपाळी अक्षरांत पाटी होती. ती आम्हालाही वाचता आली. ‘होटल दिवेआगर’. आत भिंतीवर समुद्राचा फोटो. त्यात काकूच्या होमस्टेची कौलं दिसत होती. काकू त्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मग जेवणात आंबोळी आली. काकूने एक घास खाल्ला, मग दुसरा. नंतर मला हळूच म्हणाली, “माझ्यापेक्षा मऊ केलेय मेल्याने.”

सरिता समोर आली तेव्हा निळा कुर्ता घालून आली होती. आधी काकूच्या पाया पडली, मग मला म्हणाली, “सायली, सायकलवरून अजून पडतेस का?” मी हसले. तीही हसली. मग सगळे बसले.

काकूने तांबडं फडकं काढून मांडीवर ठेवलं. तिची बोटं गाठीवर होती. गाठ अर्धी सुटली होती, मी बघितलं. दिलूकाकांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. नाना टोपी नसलेलं डोकं सावरत होते.

आणि तेवढ्यात निलेशदादा हॉटेलभर नजर फिरवून म्हणाला, “मस्त चालतंय हो काका तुमचं! मी इकडं आलो ना, तर अजून दोन टेबलं टाकू.”

काकूची बोटं थांबली. सुटलेली गाठ तिने पुन्हा बांधली. घट्ट.

“बघून झालं,” ती म्हणाली. “उद्या सकाळची बस हाय.”

निलेशदादाने किती समजावलं! “अगं आई, बोलण्यात बोलून गेलो. मी कुठं जातोय?” काकूचं एकच. “तोंडातून गेलं म्हणजे मनात होतं. एकुलता एक मुलगा मी शिवेपलीकडं देणार नाय.”

 सकाळी आम्ही निघालो तेव्हा सरिता पाटीखाली उभी होती.

*

परतीची बस तीच होती. पांडेजीही तेच. आम्हाला बघून त्यांनी आनंदाने विचारलं, “चाचीजी, सगाई हो गई?” नानांनी हळूच नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी चटणीचंही विचारलं नाही.

निलेशदादा ड्रायव्हरच्या मागे एकटा बसला. काकू माझ्या शेजारी, सुपारीची पिशवी मांडीवर घेऊन. पिशवीचं तोंड उघडं होतं. मला वाटलं, दुःखात तिच्या लक्षात आलं नसेल.

सोनौलीला ट्रकांची लांबच लांब रांग होती. आमची बस बरोबर दोन कमानींच्या मधे अडकली. थोड्या वेळाने भारताच्या बाजूचे एक साहेब तपासायला बसमध्ये चढले. चार सीट बघून आमच्यापाशी आले आणि थांबले.

“ये क्या है?”

“सुपारी,” काकू म्हणाली.

“नेपाल से सुपारी नहीं ले जा सकते.”

“नेपालकी नहीं है. दिवेआगरकी है. हमारे वाडीकी. हमीच ले गये थे.”

“ले गये थे?” साहेबांनी पिशवीकडे बघितलं, मग काकूकडे. “ले गये थे, तो वापस क्यों लाये?”

 नाना खिडकीतून बाहेर बघायला लागले. निलेशदादा वळून बघत होता. हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही काकूला विचारायचं धाडस झालं नव्हतं, आणि हा परका माणूस सहज विचारून उभा होता!

काकूने पिशवीचं तोंड मुठीत आवळलं.

साहेब म्हणाले, “देखिए माताजी, या तो यहीं छोडिए, या वापस दे आइए.”

“टाकू? ही टाकू?” काकूने पिशवी छातीशी धरली. “वादळानंतरची पहिली सुपारी हाय ही! माझ्या पोराने आणि त्याच्या...” इथे ती थांबली. “आणि त्याच्या सासऱ्याने लावलेली!”

निलेशदादा सीटवरून उठला तो डोकं वरच्या फळीला आपटूनच.

“बघत काय बसलायस?” काकू त्याच्यावर ओरडली. “दिलूला फोन लाव! म्हणावं, पोरीला घेऊन ये. मी माघारी पाऊल टाकत नसते. शिवेपर्यंत मी आलेय, शिवेपर्यंत त्याने यावं!”

*

रांग हलत नव्हती, पण हलली असती तरी आमची बस हलली नसती. एकही प्रवासी निघायला तयार नव्हता! शेवटच्या सीटवरच्या एक बाई म्हणाल्या, “हम तो सगाई देखकर ही जाएँगे.” पांडेजींनी रस्त्याच्या कडेला आमची चादर पसरली. साहेब येऊन-जाऊन घड्याळ बघत होते, पण दूर जात नव्हते.

दिलूकाका आले ते हॉटेलच्या अॅप्रनवरच. मागे सरिता, तोच निळा कुर्ता.

काकूने तिला समोर बसवलं. तांबड्या फडक्याची गाठ सोडली, अडकित्ता हातात घेतला आणि म्हणाली, “आधी एक विचारते. खरं सांगायचं. हा माझा पोरगा उद्या म्हणाला की मी बुटवललाच राहतो, दोन टेबलं टाकतो, तर तू काय करशील?”

निलेशदादा काहीतरी बोलायला गेला. नानांनी त्याचं मनगट धरलं.

सरिताने जरा विचार केला. मग शांतपणे म्हणाली, “राहू दे त्याला इथं, काकू. मी तुमच्याबरोबर येते. याच बसने.”

“आणि तो?”

“तो बाबांना मदत करेल. मला समुद्र पाहिजे. इथं नदी आहे, पण नदी नुसती निघून जाते. परत येत नाही.”

काकूने तिच्याकडे बघितलं. मग हसायला लागली. इतकी हसली की तिच्या हातातला अडकित्ता हलायला लागला. “अरे निलेश,” ती म्हणाली, “ही पोरगी तुझ्यासाठी नाय रे, माझ्या वाडीसाठी लगीन करतेय!”

आणि सुपारी फुटली. कट्!

एक तुकडा दिलूकाकांना, एक नानांना. नाना घड्याळ बघून म्हणाले, “मुहूर्त कुठला लिहायचा? इकडचा का तिकडचा?” काकू म्हणाली, “दोन्हीच्या मधला!”

मग पिशवीतली सुपारी. बसमधल्या सगळ्यांना मूठमूठ. ट्रकवाल्यांना, कोंबडीवाल्याला, पहिल्या दिवसाच्या त्या जवानाला. नेपाळच्या शिपायाला अडकित्त्याने कातरून. शेवटी काकू साहेबांपुढे उभी राहिली. “घ्या, साहेब. अब ये सगाईकी है.” साहेबांनी इकडे तिकडे बघितलं आणि तुकडा तोंडात टाकला.

मग त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, “अब थैली में क्या है?”

काकूने पिशवी उलटी करून झटकली. काहीच नव्हतं. बस भारताच्या कमानीखालून निघाली तेव्हा आमच्यातल्या प्रत्येकाचा एक गाल फुगलेला होता. साहेबांचाही!

बस गोरखपूरच्या रस्त्याला लागली. नाना झोपले, निलेशदादा फोनवर सरिताशी बोलत होता. काकूने माझं डोकं जवळ ओढलं आणि कानात म्हणाली, “सायली, हे कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाय हां. जाताना पिशवी मी बॅगेच्या तळाला ठेवलेली, तू बघितलंस ना? मग येताना ती मांडीवर, तोंड उघडं टाकून... मला काय पांडेचं बोलणं आठवत नव्हतं होय? अगो, मला फक्त कुणीतरी तो प्रश्न—”

“सायलीऽऽ! कुठं दडलीस गो? माझी नवी सून एकटी सुपारी वाळत घालतेय अंगणात, आणि तू काय लिहीत बसलीस?”

आले, काकू! काही नाही, शाळेचा निबंध आहे, मी फक्त